हात कुठं आखडायचा? घरबांधणीबद्दल वाचकांचे प्रश्न

दिवाळी सरली की आमच्या सांगली भागात कारखान्यांचे बॉयलर आणि घरांच्या खोदाया एकदमच सुरू होतात. त्यामुळं या महिन्यातली पत्रं जवळजवळ सगळी एकाच सुरातली आहेत: मॅडम, खर्च कुठं कमी करता येईल? मी एस्टिमेट करते, म्हणजे लोकांचं घर विटेपासून बिजागरीपर्यंत आधी कागदावर मांडते. रुपयांतले दर या सदरात लिहीत नाही. अंक तुमच्या हातात पडेपर्यंत ते शिळे होतात, शिवाय विटा शहरातला दर मिरजेत चालत नाही. मापं मात्र लिहिते. त्यावर तुमच्या गावचा दर तुम्ही लावा.

पलूस तालुक्यातले एक ऊस उत्पादक लिहितात : ताई, गावठाणात दोन गुंठे जागा आहे. 30 बाय 36 चं घर काढलंय, दोन बेडरूम, हॉल, किचन. जमीन काळी. इंजिनिअर म्हणतात तीन मजल्यांच्या हिशेबानं फूटिंग (कॉलमखालचा काँक्रीटचा पाया) करू. धाकटा भाऊ म्हणतो, खोदाई पाच फुटांवर थांबवा, काय होत नाही. पैसे ऊसबिलाच्या हप्त्यानंच येणार. सळई आताच घेऊन टाकावी का? आणि नेमका हात कुठं आखडावा?

दादा, तुमचे इंजिनिअर आणि तुमचा भाऊ, दोघंही मला पटले नाहीत.

आधी पाया. नकाशा पक्का करण्याआधी जेसीबी बोलवा आणि जागेच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्या. तुम्ही स्वतः उभे राहून बघा. सहा-सात फुटांवर मुरूम लागला तर प्रश्न मिटला, साधी फूटिंग त्यावर बसतील. बारा फुटांवरही काळीच माती दिसली तर खोलखोल खोदत बसण्यात पैसे मातीत जातात. तिथं अंडर-रीम्ड पाइल परवडतात. खाली कांद्यासारखा फुगीर बूड असलेला काँक्रीटचा खांब जमिनीत घालायचा आणि वरून बीमनं सगळे जोडायचे. रुरकीच्या सीबीआरआय या सरकारी संस्थेनं खास काळ्या मातीसाठी ही पद्धत बसवली. पण ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या डिझाइननंच व्हायला हवं, त्याची फी वाचवू नका. चार सळया जास्तीच्या टाकून ‘मजबूत केलंय’ म्हणणाऱ्या ठेकेदारापेक्षा ती फी स्वस्त पडते.

भाऊ म्हणतो ते पाच फूट का नको? एप्रिलमध्ये तुमच्याच रानात बघा. भेगेत कोपरापर्यंत हात जातो. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि ही हालचाल वरच्या थरातच सगळ्यात जास्त असते. त्यात फूटिंग बसलं की घर दरवर्षी थोडं उचलतं, थोडं खाली येतं. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. त्या कितीही वेळा भरा, पुढच्या मे महिन्यात परत उघडतात.

आता गुपचूप केली जाणारी एक काटकसर. पायाच्या खोदाईतून निघालेली काळी मातीच जोत्यात परत भरतात, म्हणजे मुरमाचा खर्च वाचतो. वरची फरशी दोन पावसाळ्यांत पोकळ वाजायला लागते. तुमचं 30 बाय 36 चं दोन फूट जोतं म्हणजे 2160 घनफूट, साडेएकवीस ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). धुमस मारून, म्हणजे ठोकून, मुरूम दबून बसतो, तेव्हा सव्वीस-सत्तावीस ब्रास धरा. नऊ इंचांचा थर, पाणी, धुमस, मग पुढचा थर. काळी माती रानात टाका, तिथं तिला किंमत आहे. आणि जोतं रुबाबासाठी चार फूट करू नका, दर फुटाला अकरा ब्रास भर वाढते. फक्त एक बघा: गावातला रस्ता दर निवडणुकीला सहा इंच वर येतो. तेवढी जागा धरून ठेवा.

तीन मजले कोण राहणार आहे? मुलगा पुण्यात, मुलगी सासरी. आपल्याकडं गावोगाव गच्चीवर गज सोडलेली घरं आहेत. ‘पुढं पोरं चढवतील’ म्हणून ठेवलेले ते गज दहा-पंधरा वर्षांत गंजून निम्मे होतात, पोरं काही येत नाहीत. वरती एक मजला खरंच होणार असेल तर जी प्लस वनचं, म्हणजे तळमजला आणि वर एक मजला असं डिझाइन करून घ्या. मग वर सोडलेल्या गजांना सिमेंटची रबडी लावून त्यावर हलकं काँक्रीट घाला, म्हणजे वर चढवताना ते फोडून आत चांगली सळई मिळेल. होणार नसेल तर तळमजल्याचंच फूटिंग करा. निर्णय आज घ्या, कारण नंतर बदलायचा झाला तर दुप्पट पडतो.

आता नकाशा. तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्सवर मला खरी बचत इथंच दिसली. दर्शनी बाजूला मधोमध चार फूट खोल व्हरांडा आत घेतलाय. दिसायला छान आहे, पण त्या दोन आडव्या भिंतींनी आठ फूट भिंत वाढली. दहा फूट उंचीला ती ऐंशी चौरस फूट, दोन्ही बाजूंचा गिलावा एकशे साठ, वर रंग, खाली प्लिंथ बीम (जोत्याचा बीम), शिवाय दोन कॉलम जास्तीचे. एवढं करून आतली जागा कमीच झाली. भिंत सरळ न्या आणि पुढं पत्र्याची किंवा कौलांची पडवी काढा. पडवीत बसायलाही जास्त गार वाटतं. दुसरं, चार बाय चौदाचा पॅसेज आहे, म्हणजे छप्पन्न चौरस फूट फक्त चालायला. बेडरूमचे दरवाजे हॉलच्या कोपऱ्यात काढले तर तो जवळजवळ सगळा जातो. तिसरं, उंची अकरा फूट. बाहेरच्या भिंती 132 फूट आणि आतल्या अंदाजे 80, अशी तुमची 212 फूट भिंत आहे. एक फूट उंची कमी केली की 212 चौरस फूट भिंत आणि त्याच्या दुप्पट गिलावा वाचला. दहा फूट भरपूर झाली. हवा उंचीनं खेळत नाही, समोरासमोरच्या खिडक्यांनी खेळते. मोरी आणि संडास तुम्ही घराच्या दोन टोकांना ठेवलेत. त्यांना पाठीला पाठ लावा, पाइप निम्मा होईल आणि लिकेज शोधायचं झालं तर एकाच भिंतीत शोधावं लागेल.

सळई आताच घेऊ नका. या घराला एकूण पावणेचार ते सव्वाचार टन लागेल. पायाची आणि प्लिंथपर्यंतची घ्या, बाकी स्लॅबच्या आधी. काळ्या मातीवर पावसाळाभर पडलेली सळई कशी होते ते सांगायला नको. सिमेंट तर महिन्यापेक्षा जास्त साठवूच नका. तीन महिने पडलेल्या पोत्याची ताकद सुमारे पाचव्या हिश्शानं घटते. पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, उतरवून घेताना वाचा. सप्टेंबर 2025 मध्ये सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा जुनं कोटेशन कुणी पुढं केलं तर ते तारीख बघून परत पाठवा.

ऊसबिलाचं म्हणाल तर कायद्यानं चौदा दिवसांत यायचं बिल प्रत्यक्षात कधी येतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणून काम असं तोडा: यंदाच्या हंगामात प्लिंथपर्यंत. मुरूम भरून, धुमसून जोतं एक पावसाळा तसंच सोडलं तर नुकसान काहीच नाही. भर बसायची ती बसून जाते. पुढच्या हंगामात भिंती आणि स्लॅब एका दमात. भिंती उभ्या करून स्लॅबविना पावसाळ्यात सोडू नका. आणि अक्षय तृतीयेला नारळ जरूर फोडा, पण खोदाई तेव्हा सुरू करू नका. जूनमध्ये त्या खड्ड्यांत पोहायची पाळी येते. विटा जानेवारी ते मेमध्ये घ्या. भट्ट्या चालू असतात तेव्हा निवडायला मिळतात, पावसाळ्यात मिळेल ती घ्यावी लागते.

कुपवाडहून एक तरुण वाचक विचारतात : मोबाइलवर रॅट-ट्रॅप बाँडचे व्हिडिओ बघितले. विटा पंचवीस टक्के वाचतात म्हणे. आपल्याकडं कुणी का करत नाही?

वाचतात, खोटं नाही. केरळमध्ये लॉरी बेकर यांनी ही पद्धत रुळवली. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावतात, त्यामुळं नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते. विटा सुमारे चौथा हिस्सा कमी लागतात, सिमेंट-वाळूचा मालही कमी लागतो आणि भिंत उन्हात कमी तापते.

अडचण आपल्या विटेत आहे. आपली गाववीट हातात घ्या, एक नऊ इंच भरते, दुसरी पावणेनऊ, तिसरी मधे वाकलेली. कडेवर उभ्या लावायच्या विटा एकसारख्या लागतात, नाहीतर वाचलेली वीट सांध्यातल्या सिमेंटमध्ये परत जाते. दुसरं, ही भिंत बाहेरून उघडी ठेवली तरच पुरती बचत होते. तुमच्या घरचे गिलाव्याशिवायची भिंत बघून ‘घर अर्धवट राहिलंय’ म्हणणार नाहीत याची खात्री आहे का? तिसरं, नंतर वायरमन छिन्नी घेऊन येतो आणि त्या पोकळीत भोकं पाडतो. पाइपांच्या जागा आधी ठरवून भिंत बांधताना आतून घेतल्या तरच जमतं.

चांगला गवंडी आणि यंत्राची वीट मिळत असेल तर जरूर करा, आधी कंपाऊंडच्या भिंतीवर हात बसवून घ्या. नाहीतर एएसी ब्लॉकचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकचा हिशेब करा. 600 बाय 200 बाय 150 मिलिमीटरचा एक ब्लॉक आठ-नऊ विटांची जागा घेतो. वजन विटेच्या भिंतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, त्यामुळं इंजिनिअरनं ते धरून डिझाइन केलं तर सळईही थोडी कमी होते. विटेचं डिझाइन करून वर ब्लॉक लावले तर ती बचत मिळत नाही. ब्लॉक आणि कॉलम जिथं भेटतात तिथं जाळी मारल्याशिवाय गिलावा करू देऊ नका, तिथं हमखास रेघ येते. गिझर टांगायच्या भिंतीसाठी वेगळे फास्टनर लागतात, साधा खिळा-गुटका तिथं टिकत नाही.

सांगली शहरातून एक निवृत्त शिक्षिका : मी एकटीच राहते. ठेकेदारानं दोन दर दिलेत, मटेरियलसकट आणि नुसत्या मजुरीचा. मजुरीचा धरला तर बरेच पैसे वाचतील असं भाचा म्हणतो. पण शेजारणीचं बिल शेवटी ठरल्यापेक्षा किती तरी वाढलं. काय करू?

बाई, दर कुठला यापेक्षा तो कशावर लावलाय ते आधी विचारा. चौरस फूट म्हणजे आतली फरशी, की स्लॅबचं क्षेत्रफळ? छज्जे निम्मे धरणार की पूर्ण? जिन्याची टोपी, पाण्याची टाकी, पॅरापेट (गच्चीचा कठडा), सेप्टिक टँक, कंपाऊंड, गेट, ओटा, खिडक्यांच्या जाळ्या हे सगळं आत की वेगळं? शेजारणीचं बिल वाढलं ते बहुतेक या यादीतूनच. ‘ते एक्स्ट्रॉ होतं मॅडम’ हे वाक्य मला झोपेत पण ऐकू येतं. प्रत्येक गोष्ट आत आहे की बाहेर, ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. फरशीचा दर लिहा, नळाची कंपनी लिहा, रंगाचे हात लिहा.

भाच्याचं गणित तो स्वतः रोज साइटवर उभा राहणार असेल तरच खरं. एकटीनं वाळूचे ट्रक उतरवून घेणं, बिगाऱ्यांच्या मागं लागणं तुम्हाला झेपेल, पण त्यासाठी घर बांधायची हौस उरणार नाही. मधला मार्ग काढा. सळई आणि सिमेंट तुम्ही घ्या, कारण त्यांचा हिशेब घरात बसून ठेवता येतो. वाळू, खडी, वीट, मजुरी त्याच्याकडं. टाइल्स, नळ, दरवाजे शेवटी तुमच्या पसंतीनं तुम्हीच आणा.

सळईचा हिशेब असा. दुकानदार वजनावर देतो आणि साइटवर बंडल उतरतं. एक बार 12 मीटरचा. 8 मिलिमीटरचा बार 4.74 किलो, 10 चा 7.4, 12 चा 10.66, 16 चा जवळजवळ 19 किलो. बार मोजायचे, गुणायचं आणि वजनकाट्याच्या पावतीशी ताडायचं. मानकानुसार 10 मिलिमीटरपर्यंत सात टक्के आणि 12 ते 16 ला पाच टक्के फरक चालतो. त्यापलीकडं गेला तर माल परत. गणिताच्या शिक्षिकेला मी हे काय शिकवणार म्हणा, पण दुकानात कुणी बाई पावती घेऊन गुणाकार करायला लागली की काट्यावरचा माणूस सरळ बसतो, हे मी रोज बघते.

आणि स्लॅबच्या दिवशी मात्र खुर्ची टाकून बसा. तिथं तुमचे पैसे सगळ्यात जास्त जातात आणि सगळ्यात लवकर झाकले जातात. काँक्रीट सुरू होण्याआधी सळईखाली बोट घाला. सळई सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) पत्र्याला टेकली असेल तर खाली 20 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक नाहीत. ठेकेदार खडीचा तुकडा सरकवून दाखवेल, तो चालत नाही, पाऊल पडलं की निसटतो. कव्हर नसलेल्या स्लॅबची सळई आठ-दहा वर्षांत गंजते आणि छताचे पापुद्रे पडायला लागतात. सांगलीत जुन्या स्लॅबखाली ही तपकिरी नक्षी घरोघर दिसते.

मग पाणी. मिक्सरवरच्या माणसाला घट्ट माल ओढायला जड जातो, म्हणून तो पाइप सोडून देतो. एम 20 या ताकदीच्या काँक्रीटला सिमेंटच्या एका पोत्यामागं 30 लिटर, त्याहून जास्त नाही. तेलाचा पंधरा किलोचा डबा असतो ना, त्याचे दोन डबे काठोकाठ नाही, जरा उणे. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. पाइप बंद करायला लावून दोन डबे तिथं ठेवायला सांगा. माल जड वाटतोय म्हणतील. व्हायब्रेटर आणा म्हणावं, तो त्यासाठीच असतो. वाळू-खडी घमेल्यानं नको, फर्म्यानं (मापाच्या खोक्यानं) मोजून. एक फर्मा सव्वा घनफुटाचा, म्हणजे बरोबर एका पोत्याचा. एका पोत्याला दीड फर्मा वाळू आणि तीन फर्मे खडी हे प्रमाण घमेल्यात कधीच राहत नाही, संध्याकाळी घमेली हलकी व्हायला लागतात.

जाडी पण बघा. तुमचा स्लॅब पाच इंचांचा. हजार चौरस फुटांना नुसती अर्धा इंच जाडी वाढली तरी नऊ-दहा पोती जास्तीची जातात आणि वर वजन बसतं ते वेगळं. सेंट्रिंगची लेव्हल नीट नसली की असं होतं. दुसऱ्या दिवसापासून आळी करून पाणी साठवा, दहा दिवस. पाणी मारायला वेगळा माणूस ठेवावा लागला तरी ठेवा. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे स्लॅबखालचे टेकू सात दिवसांच्या आत आणि बीमखालचे चौदा दिवसांच्या आत काढू देऊ नका, कितीही म्हणाला की पुढच्या साइटला प्लेटा हव्यात.

पैसे टप्प्यानं द्या: पाया, प्लिंथ, स्लॅब, गिलावा, फरशी. पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा, आणि हे करारात आधीच लिहा. नंतर सांगितलं तर भांडण होतं.

जयसिंगपूर रस्त्यावरून एक वाचक : हॉलमध्ये पीओपीचं फॉल्स सीलिंग करावं का?

नको. दहा फूट उंचीचा हॉल नऊ फुटांचा होतो आणि पाल कुठून येते ते कळत नाही.

वाईजवळच्या गावातून एक वाचक : आजोबांचा वाडा पाडून तिथंच बांधायचंय. एक माणूस सगळा वाडा फुकट पाडून जागा साफ करून देतो म्हणतो, सामान त्याचं. घ्यावं का?

काका, तो फुकट पाडत नाही, विकत घेतोय, आणि तुम्हाला किंमत सांगत नाहीये. आधी वाड्यातलं लाकूड मोजा. आठ इंच बाय आठ इंच, बारा फुटांची सागवानी तुळई म्हणजे सव्वापाच घनफुटांहून जास्त लाकूड. पाच बाय अडीच इंचाच्या दरवाजाच्या चौकटीला, उंबरा सोडून, साधारण दीड घनफूट लागतं. करवतीची घट धरूनही एका तुळईतून दोन चौकटी होतात. असल्या जुन्या, पूर्ण वाळलेल्या सागाच्या चौकटी आज बाजारात मागून मिळत नाहीत. चार-पाच तुळया शाबूत असल्या तर घराच्या सगळ्या चौकटी निघाल्या.

घ्यायच्या आधी प्रत्येक तुळईत, विशेषतः भिंतीत गेलेल्या टोकाला, स्क्रू-ड्रायव्हर खुपसा. सहज आत गेला तर तेवढं टोक कापून टाका, बाकीचं चांगलं असतं. सगळे खिळे, कड्या, पट्ट्या उपसल्याशिवाय कटाई मशिनवाला लाकूड हातात घेणार नाही. त्याचं पातं तुटलं तर बिल तुमच्यावर. हे काम सुट्टीत घरातल्या पोरांना लावा.

घडीव काळा पाषाण जोत्याच्या दर्शनी बाजूला आणि कंपाऊंडला वापरा, तसा घडवून घ्यायला आज पाथरवट मिळाला तर नशीब. अनघड दगड सोलिंगला, म्हणजे फरशीखाली रचायला. जुन्या पातळ विटा भिंतीत परत नको, त्यांच्यात मीठ ओढलेलं असतं आणि गिलावा फुगतो. त्या अंगणात अंथरा. पांढरी माती जोत्यात भरू नका. कौलं शाबूत असली तर गोठ्याला किंवा पडवीला. आणि नक्षीचा दिंडी दरवाजा कुणी कितीही मागितला तरी द्यायचा नाही. तो नव्या घराला बसेल अशा मापाची चौकट नकाशातच काढून घ्या, नंतर भिंत फोडून बसवायला जाल तर दरवाजापेक्षा भिंत महाग पडेल.

त्या माणसाला मजुरी देऊन पाडायला लावा, सामान तुमचं. उतरवत उतरवत पाडायला सांगा, जेसीबीनं नको.

सांगलीच्या पूरपट्ट्यातून एक वाचक : नदीकडेला प्लॉट स्वस्तात मिळतोय. वाचलेल्या पैशांत जोतं उंच करून घेतलं तर?

किती उंच? आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्या गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारा, भिंतीवर पाण्याची रेघ ते बोट ठेवून दाखवतील. प्लॉट विकणारा दाखवणार नाही.

आधी महापालिकेत पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा नेहमीच्या पुराची, लाल मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत असेल तर विषय संपला, तिथं घराला परवानगी नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे असेल तर अटींवर मिळते, पण तिथं मुरमाची भर घालून जोतं उचलण्यात शहाणपणा नाही. भर महाग पडते आणि तुमच्या भरावानं शेजाऱ्याकडं पाणी ढकललं जातं. खाली कॉलमवर मोकळं पार्किंग, राहणं वर. म्हणजे एक आख्खा मजला तुम्ही पाण्यासाठी बांधणार. तो खर्च प्लॉटच्या किमतीत मिळवा आणि मग विश्रामबाग-कुपवाडकडचा प्लॉट महाग आहे का ते परत बघा. प्लॉट आधीच घेतलेला असेल तर मीटर आणि मेन बोर्ड वर न्या. खालच्या पातळीला प्लायवूड बिलकुल नको, कडाप्पाच्या मांडण्या करा. पाणी ओसरल्यावर त्या धुऊन निघतात.

पाटण तालुक्यातून एक वाचक : जांभ्याच्या दगडात एक मजली घर, 20 बाय 30, वर पत्रा. गवंडी म्हणतो कॉलमची गरज नाही. खर्च वाचतोय, पण आई 11 डिसेंबर 1967 ची आठवण काढते आणि नको म्हणते. कुणाचं ऐकू?

दोघांचंही ऐका. कोयनेचा भूकंप ज्यांनी अंगणात रात्री काढून सोसला त्यांच्याशी वाद घालू नये. आणि गवंडीही चूक नाही. एक मजली घराला जांभ्याच्या भिंती भार घेतात, कॉलमचा खर्च टाळता येतो. पण भिंती एकमेकींना बांधून ठेवणारे काँक्रीटचे पट्टे हवेत: जोत्याला एक, दारं-खिडक्यांच्या वर एक, पत्र्याखाली एक. शिवाय प्रत्येक कोपऱ्यात पायापासून वरपर्यंत एक उभी सळई.

गवंडी ‘पट्ट्यांना लई खर्च’ म्हणेल, म्हणून हिशेब देते. तुमच्या घराच्या बाहेरच्या आणि आतल्या मिळून 130 फूट भिंती धरल्या. नऊ इंच रुंद, तीन इंच जाड पट्टा, त्यात 10 मिलिमीटरच्या दोन सळया आणि दर सहा इंचांवर आडवा दुवा. एका पट्ट्याला 24 घनफूट काँक्रीट, म्हणजे साडेपाच-सहा पोती सिमेंट, आणि 65 ते 70 किलो सळई. तीन पट्टे मिळून दोनशे किलोच्या आसपास सळई आणि अठरा पोती. कॉलम-बीमच्या सांगाड्याला याच्या कितीतरी पट लागलं असतं. हॉल मोठा असेल तर पट्टा सहा इंचांचा आणि चार सळयांचा करावा लागतो, ते इंजिनिअरला दाखवून घ्या.

दारं-खिडक्या कोपऱ्यापासून निदान दीड फूट लांब ठेवा. पट्टा कोपऱ्यात तोडू नका, सळई वाकवून दुसऱ्या भिंतीत न्यायला लावा. नेमकं तिथंच गवंडी तुकडा टाकून मोकळा होतो, तेव्हा कोपरा भरायच्या वेळी आईला तिथं उभं करा.

पाण्याची टाकी, बोअर आणि सोलरचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला काढलेत. नकाशा पाठवताना मापं फुटांत लिहा आणि उत्तर दिशेचा बाण काढा. पत्र्यावर पडणारं पाणी कुठं जाणार तेही दाखवा, निम्म्या नकाशांत ते शेजाऱ्याच्या अंगणात जातं.